सावल्यांचा फळा

स्वयंपाकघराच्या भिंतीवर काळ्या मार्करनं झाऱ्याची आकृती काढलेली दिसली, तेव्हा आईनं आधी झारा शोधला आणि मग पोरीला. झारा त्या आकृतीवरच खिळ्याला लटकत होता. पोरगी ओट्याजवळ उकिडवी बसून किसणीची कड गिरवत होती.

"हे काय चालवलंयस?"

"प्रॅक्टिकल आहे."

"भिंत माझी आणि प्रॅक्टिकल तुझं? वा!"

पोरगी विमानांच्या देखभालीचं शिक्षण घेत होती. शेवटचं वर्ष होतं. दोन वर्षं पुस्तकं घोकल्यावर आता कुठे कॉलेजच्या कार्यशाळेत खऱ्या इंजिनाला हात लावायला मिळणार होता, आणि नेमकी साथ आली. कॉलेजला कुलूप लागलं. इंजिन आत राहिलं, मुलं घरी आली, आणि सगळा अभ्यासक्रम हातभर लांबीच्या टेबलावरच्या मोबाइलमध्ये येऊन बसला.

तिला घरात पक्कड म्हणत. जन्मल्या जन्मल्या तिनं वडिलांचं बोट असं धरलं की नर्सला येऊन सोडवावं लागलं, असं वडील सांगायचे. वडील थोडं वाढवून सांगतात, पण नाव चुकीचं नव्हतं. एकदा धरलेलं ती सोडत नसे, मग ते बोट असो की हट्ट.

आता भिंतीचं. विमानाच्या कामाच्या जागी हत्यारांचा एक फळा असतो. प्रत्येक हत्याराची आकृती फळ्यावर काळ्या रंगानं रंगवलेली असते आणि हत्यार त्या आकृतीवरच टांगायचं. उचललं की मागे त्याची काळी सावली उघडी पडते. काम संपल्यावर फळ्यावर एकही सावली दिसता कामा नये. दिसली, तर ते हत्यार विमानाच्या पोटात कुठेतरी राहिलंय असं धरून चालायचं आणि सापडेपर्यंत विमान जागचं हलवायचं नाही. विसरलेला एखादा स्क्रू ड्रायव्हरसुद्धा वर आकाशात काय करील ते सांगता येत नाही. प्रॅक्टिकलच्या सरांनी फर्मान काढलं होतं की कार्यशाळा नाही तर नाही, पण घरी जे हाताशी असेल त्याचा फळा करा आणि दर आठवड्याला भरलेल्या फळ्याचा फोटो पाठवा. कुणी दाढीचं सामान टांगलं, कुणी बागेची अवजारं. पक्कडच्या घरी झारा, पळी, सांडशी, किसणी आणि कात्री यांच्यावर संक्रांत आली.

आई पहिले काही दिवस धुसफुसली. मग तिलाही त्याची चटक लागली. वडील कात्री घेऊन गेले की ही ओट्यापाशी उभी राहून ओरडायची, "कात्रीची सावली उघडी पडलीय हो! कोण घेऊन गेलंय?" वडील निमूटपणे कात्री आणून जागेवर लावायचे. घरात एकही वस्तू हरवेनाशी झाली. एवढं मात्र त्या प्रॅक्टिकलनं खरंच साधलं.

बाकीचं शिक्षण म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं होतं. सर कॅमेऱ्यासमोर पाना धरायचे, त्यांचा अंगठा कॅमेऱ्यावर यायचा, आणि मुलं अंगठ्याच्या नोंदी घ्यायची. वर्गात एक मुलगा होता, त्याचं इंटरनेट असं होतं की सरांनी प्रश्न विचारला की हा गायब. त्याचं नाव 'ऑफलाइन' पडलं. तो हुशार होता, पण त्याचं उत्तर पोचेपर्यंत तास संपलेला असायचा. दर आठवड्याला फळ्याचे फोटो जायचे, सर सगळ्यांना मोबाइलवर पसंतीचा अंगठा पाठवायचे. काही मुलं एकदाच फोटो काढून तोच परत परत पाठवत. पक्कडनं तसं कधी केलं नाही. पण फोटो पाठवला की काम झालं, ही सवय तिच्याही हाडीमांसी भिनली, आणि ती भिनतेय हे तिच्या किंवा सरांच्या ध्यानातही आलं नाही.

वडील शाळेच्या बसवर चालक होते. शाळा बंद, त्यामुळे बसही बंद. ती एका कुंपण घातलेल्या मैदानात इतर बसगाड्यांबरोबर धूळ खात उभी होती. तिची बॅटरी उतरू नये म्हणून ते अधूनमधून जाऊन इंजिन चालू करत, गाडी थोडी पुढे-मागे घेत. उभी गाडी पळत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते, असं त्यांचं म्हणणं होतं. घरात बसून आंबलेल्या पक्कडला ते सोबत नेऊ लागले.

तिथे तिनं एक गोष्ट पाहिली. इंजिन बंद केल्यावर वडील उठायचे आणि मधल्या वाटेनं शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचे, प्रत्येक बाकाच्या खाली वाकून बघायचे आणि परत येऊन मगच दार लावायचे. शाळा चालू असताना रोज फेरी संपल्यावर ते हे करत. एखादं पोर मागे झोपून राहिलेलं असू शकतं. पण आता?

"बाबा, वर्षभर या बसमध्ये पोर चढलेलं नाही. आत कोण असणार?"

"कुणीच नाही."

"मग बघता काय?"

"कुणी नाही हेच बघायचं असतं," वडील म्हणाले, आणि गुडघे चोळत खाली उतरले.

ती हसली. तिला ते गमतीचं वाटलं.

बाहेरच्या बातम्यांमध्ये मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. आधीच्या तुकडीतल्या ज्यांना नोकऱ्या लागल्या होत्या त्यांना घरी बसवलं होतं. ज्यांच्या हातात नेमणुका होत्या त्यांना 'तूर्तास येऊ नका' असं कळवलं, आणि ते तूर्तास काही संपेना. एक जण भाजीच्या गाड्यावर बसू लागला, एक मोबाइल दुरुस्त करू लागला आणि तोच त्यातल्या त्यात नशीबवान, कारण त्याच्या हातात निदान स्क्रू ड्रायव्हर तरी होता. पक्कडच्या तुकडीचं दुखणं आणखी वेगळं. त्यांना पदवी मिळणार होती, पण परवान्यासाठी खऱ्या विमानावरच्या कामाचा अनुभव लागतो, आणि विमानंच उभी असताना अनुभव द्यायचा कुणी? परवाना नाही तर विमान उडायला योग्य आहे अशी सही करायचा अधिकार नाही, आणि सहीचा अधिकार नसलेला विमान दुरुस्त करणारा म्हणजे हवाई स्वप्नं बघणारा.

आत्याला हे सगळं एका वाक्यात कळलं होतं. ती फोनवर म्हणायची, "अगं, विमानंच उडत नाहीत तर तू दुरुस्त काय करणार? आमच्या औषधांच्या दुकानात ये. आजारपणाला मरण नाही." आत्या प्रेमळ होती. तिचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. म्हणूनच ते जास्त झोंबायचं.

मग सरांचा निरोप आला. विमानतळाच्या मागच्या अंगाला एका कंपनीनं उभी विमानं सांभाळायचं काम घेतलं होतं. तिथे शिकाऊ म्हणून दोघांना घेणार होते. कामाचा मोसम संपताना दोघांतल्या एकाला कायम ठेवतील आणि परवाना मिळेपर्यंतचा अनुभव तिथेच पुरा करून देतील. एकालाच. निवड झाली पक्कडची आणि ऑफलाइनची.

पहिल्या दिवशी आवारात पाऊल टाकलं आणि ती जागच्या जागी थांबली. विमानं रांगेनं उभी होती. इंजिनांची तोंडं कापडानं बांधलेली, खिडक्यांना आतून चंदेरी पत्रे लावलेले, जागोजागी लाल फिती लोंबकळत. दवाखान्यातल्या रांगेसारखं दिसत होतं सगळं. आत शेडमध्ये हत्यारांचा भला मोठा फळा होता, आणि त्यावर एकही सावली उघडी नव्हती. तिनं आजवर भरलेला फळा म्हणजे चांगला फळा असंच मानलं होतं. इथे समजलं की पूर्ण भरलेला फळा म्हणजे काम बंद.

इंजिनाचं कापड काढलं तेव्हा तर तिनं फजितीच करून घेतली. ज्या इंजिनाचा एकेक भाग तिला पाठ होता ते मोबाइलवर तळहाताएवढं दिसायचं. हे तर तिच्याहून उंच होतं. आत एका पात्याच्या कडेला बारीक ओरखडा आहे असं वाटलं म्हणून ती पुढे वाकली, आणि नीट दिसावं म्हणून तिनं हवेत दोन बोटं धरून फाकवली.

मागे कुणीतरी खोकलं. तो तिथला सुपरवायझर होता. त्याला सगळे पाठीमागे 'मोजणी' म्हणत, कारण दिवसातून जितक्या वेळा माणूस पाणी पितो तितक्या वेळा तो हत्यारं मोजायला लावायचा.

"मोठं होत नाही का?" त्यानं विचारलं.

पक्कडचे कान लाल झाले. "नाही, सर."

"मग चेहरा जवळ न्यावा," मोजणी म्हणाला आणि निघून गेला. ऑफलाइन पोट धरून हसत होता. हसता हसता त्याचाही हात तसाच उठला होता, हे त्यानं नंतर कबूल केलं.

काम दिसायला साधं, करताना नाकी नऊ आणणारं. चाकं अधूनमधून फिरवायची, नाहीतर टायर एकाच जागी चपटे होतात. बारीक नळ्यांमध्ये किडे घर करतात, पंखांच्या सांदीत पक्षी. झाकणं काढायची, आत बघायचं, पुन्हा लावायची. पक्कड घरी जाताना चिंब घामेजलेली असायची आणि तिच्या अंगाला तेलाचा वास यायचा. तो वास तिला इतका आवडायचा की साथीच्या नियमाप्रमाणे दारातच कामाची डांगरी काढून बादलीत भिजवताना तिच्या जिवावर यायचं. आई मात्र चिमट्यानं ती डांगरी उचलायची.

रोज संध्याकाळी हत्यारं मोजायची पाळी दोघांची आळीपाळीनं. मोजणीला कार्यालयात बसून हिशेब लावायचे असत, म्हणून त्यानं फळ्याचा फोटो पाठवायला सांगितलं होतं. हे तर पोरांच्या हातचा मळ. फोटो जायचा, मोजणीचा अंगठा यायचा.

आणि मग तो दिवस ठरला. रांगेतलं एक विमान पुन्हा उडणार होतं. प्रवासी नव्हते, नुसतीच चाचणी, पण आवारात लग्नघराची धांदल उडाली. आदल्या दिवशी सगळे राबले. पक्कडनं पुढच्या चाकाच्या वरची खोबण दांड्याच्या आरशानं तपासली. लांब दांड्याच्या टोकाला छोटा गोल आरसा असतो, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, फक्त मोठा. तिचे खांदे भरून आले होते, हातांना ग्रीस होतं. संध्याकाळी तिनं फळ्यासमोर उभं राहून फोटो काढला, पाठवला, अंगठा आला. ती घरी गेली, डांगरी बादलीत टाकली आणि जेवता जेवता पेंगू लागली.

सकाळी ती दुसरी डांगरी चढवून लवकर पोचली. आवाराच्या कुंपणापाशी माणसं जमली होती. कामावरून कमी केलेले जुने लोक होते ते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कुणी बायको-मुलांना घेऊन आलं होतं. विमान उडताना बघायचं होतं, एवढंच. उडालं तर दुसरं उडेल, तिसरं उडेल, आणि मग आपल्यालाही बोलावणं येईल, हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

पक्कड टॉर्च घ्यायला फळ्यापाशी गेली. टॉर्चशेजारच्या आरशाला तिची बोटं लागायला हवी होती, ती फळ्याला लागली. तिथे आरसा नव्हता. नुसती काळी सावली होती.

तिनं मोबाइल काढून कालचा फोटो उघडला. फोटोत आरसा होता. निदान काळा गोल आणि काळा दांडा होता. दोन बोटांनी तिनं तो मोठा केला, आणखी मोठा केला. आरशाची पाठ काळी, दांडा काळा, सावलीही काळी. फोटोत आरसा आणि आरशाची सावली अगदी सारखी दिसत होती.

तिनं ऑफलाइनला विचारलं, त्यानं नेला नव्हता. ती मोजणीकडे गेली. तो चाचणीसाठी आलेल्या कॅप्टनशी बोलत होता आणि त्या दिवशी, कधी नव्हे तो, त्यानं दाढी केली होती.

"सर, आरसा नाहीये."

मोजणीनं आपला मोबाइल काढला. "काल संध्याकाळी तर आहे. हा बघ. आज सकाळपासून विमान कुणी उघडलेलं नाही. म्हणजे इथेच शेडमध्ये कुणीतरी इकडेतिकडे ठेवला असेल. सापडेल."

म्हणजे ती सुटली होती. फोटो तिच्या बाजूनं साक्ष देत होता. गप्प बसली असती तर कुणी तिला बोल लावला नसता. विमान उडालं असतं, कुंपणापलीकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि मोसम संपताना एकाला निवडायची वेळ आली की तिच्या नावावर डाग नसता. तिला ते सगळं समोर दिसलं. तिला बसही दिसली. रिकाम्या बाकांमधून मागे चालत जाणारे वडील दिसले. ती तेव्हा हसली होती, त्याची तिला आता लाज वाटली.

"सर, फोटोचं खरं धरू नका," ती म्हणाली. "मी काल हात लावून मोजलं नव्हतं. नुसता फोटो काढला. आरसा शेवटचा माझ्याच हातात होता, आणि मी तो चाकाच्या वरच्या खोबणीत वापरला."

मोजणीनं तिच्याकडे बघितलं. मग फोटोकडे. त्यानं तो फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. अंगठा त्यानंच तर पाठवला होता.

"थांबवा," तो मागे वळून ओरडला. "विमान हलणार नाही!"

मग दिवसभर जे झालं ते पक्कडला कधी विसरता आलं नाही. झाकणं उघडली, चाकाची खोबण पिंजून काढली, जमिनीवर ओणवं होऊन शोधलं. कुणी तिला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं, असं तिला वाटलं. कॅप्टन टोपी काखेत मारून निघून गेला. काय झालं ते कुंपणापाशी कळलं तेव्हा एक म्हातारा मेकॅनिक म्हणाला, "बरोबर केलं," आणि त्याची बायको नातवाला ओढत म्हणाली, "चल, आज काही नाही." त्या मुलाचं मागे वळून वळून बघणं तिला सहन झालं नाही. आरसा सापडला नाही. उद्या इंजिनाभोवतीचं सगळं उघडायचं ठरलं.

घरी येताना तिनं मनात आत्याला होकार देऊन टाकला होता. दारात डांगरी काढली, हात धुतले, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

झाऱ्याच्या आणि सांडशीच्या मधे, खिळ्याला, आरसा लटकत होता. त्याच्या भोवती काळ्या मार्करनं सुबक कड काढलेली होती.

"आई!"

आई पदराला हात पुसत आली. "सापडला का? अगं, सकाळी तू गेल्यावर डांगरी पिळायला घेतली तर पायाच्या लांब खिशातून हा निघाला. चांगला पुसला. म्हटलं, पोरीचं नवं हत्यार दिसतंय, उगाच इकडेतिकडे पडेल. कड जरा वाकडी झालीय, पण..." आईचं पोरीच्या तोंडाकडे लक्ष गेलं. "काय झालं?"

पक्कड मटकन खाली बसली. आधी हसू आलं, मग त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही. विमानाच्या पोटात काही नव्हतं, म्हणून जीव भांड्यात पडला होता. आणि आवाराबाहेर हत्यार नेणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा, हेही तिला पाठ होतं. हरवलेला आरसा एक वेळ माफ झाला असता. घरी गेलेला होणार नव्हता.

वडील दारात उभे राहून सगळं ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी ते उगाच सगळं उघडतील."

तिनं फोन लावला. मोजणीनं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "घेऊन ये," आणि फोन ठेवला.

सकाळी आई सोबत निघाली. कितीही नको म्हटलं तरी ऐकेना. "टांगला मी, सांगणारही मीच," असं म्हणत तिनं आरसा स्वच्छ पंच्यात गुंडाळला आणि तोंडाला मास्क बांधून थेट फाटकात जाऊन उभी राहिली. मोजणी बाहेर आला.

"साहेब, हिचा गुन्हा नाही. खिशात राहिला होता. भिंतीवर मी लावला."

मोजणीनं पंचा उलगडला. "भिंतीवर?"

"कड काढून लावलाय हो. आकृतीशिवाय हत्यार टांगायचं नाही असं हिनंच शिकवलंय घरात."

मोजणीच्या मास्कच्या आत काहीतरी झालं. डोळ्यांवरून तरी तो हसल्यासारखा वाटला. पण क्षणभरच.

"बाई, गुन्हा हिचा आहे," तो म्हणाला. "आणि माझाही आहे. फोटोवर विसंबायची पद्धत मी पाडली. ती आजपासून बंद. माझं काय व्हायचं ते माझे वरिष्ठ बघतील." मग तो पक्कडकडे वळला. "नियम मी बदलू शकत नाही. आतापर्यंतचं तुझं काम अनुभवात धरलं जाणार नाही. जागा त्या मुलाला जाईल. तुला यायचंच असेल तर शिकाऊ म्हणून पुन्हा पहिल्यापासून यावं लागेल. झाडूपासून. पुढच्या मोसमात जागा निघेलच असं मी सांगत नाही. नाही आलीस तर मी समजू शकतो."

आई काही बोलायला गेली. पक्कडनं तिच्या दंडाला धरलं. तिला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. ऑफलाइन शेडच्या दारात मान खाली घालून उभा होता, जसं काही त्यानंच काही चोरलं होतं. आत्याचं दुकान सावलीत होतं, खात्रीचं होतं, आणि घरापासून जवळ होतं.

"झाडू कुठे असतो, सर?" तिनं विचारलं.

"फळ्याशेजारी," मोजणी म्हणाला. "त्याचीही आकृती आहे."

विमान त्याच आठवड्यात उडालं. कुंपणापाशी पुन्हा माणसं आली होती, पहिल्यापेक्षा कमी. पक्कड शेडचा मागचा भाग झाडत होती. आवाज ऐकून ती बाहेर धावली, पण झाडू आधी आकृतीवर टांगून मगच. त्यामुळे चाकं जमिनीवरून सुटताना तिला दिसलीच नाहीत. तिनं पाहिलं तेव्हा विमान वर, लहान झालेलं, मोबाइलवर दिसायचं तेवढं होतं. तिची दोन बोटं जवळ आली होती. ती तिनं मिटून घेतली.

तिच्या तुकडीतले निम्मे पुन्हा या धंद्यात आलेच नाहीत. त्यांच्या हुशारीत काही कमी नव्हतं. त्यांचं वर्ष चुकीचं निघालं, इतकंच. पक्कडला पुढच्या मोसमातही जागा मिळाली नाही, त्याच्या पुढच्या मोसमात मिळाली. ऑफलाइनकडे तिच्या आधी परवाना आला, आणि तिचा पहिला अनुभव-दाखला त्याच्याच सहीनं गेला. सही करताना तो म्हणाला, "हे आधी तुझं असायला हवं होतं." ती म्हणाली, "हात लावून मोजलंस ना सगळं? मग झालं तर."

आता तीही सही करते. नवी मुलं येतात, चपळ, हुशार, सगळं आधीच व्हिडिओत बघून आलेली. पहिल्या दिवशी ती त्यांना आपल्या मोबाइलवरचा एक जुना फोटो दाखवते आणि काय कमी आहे ते विचारते. मुलं दोन बोटांनी फोटो मोठा करतात, पुन्हा मोठा करतात आणि सांगतात, "पूर्ण आहे, मॅडम." ती त्यांना रागवत नाही. फळ्यापाशी नेते आणि एकेका हत्याराला हात लावायला लावते.

स्वयंपाकघराची भिंत मध्यंतरी रंगवली. आईनं रंगाऱ्याला तेवढा तुकडा सोडायला सांगितला, म्हणून झारा आणि सांडशीच्या मधली आरशाची वाकडी कड अजून तिथे आहे. घरातली ती एकच सावली उघडी असते आणि तिच्यावरून कुणी ओरडत नाही.

साथ कधीच संपली आहे, तरी संध्याकाळी ती घरी आली की डांगरी दारातच निघते. आई आता चिमटा वापरत नाही. ती आधी डांगरीच्या प्रत्येक खिशात हात घालते, पायाच्या लांब खिशात तर कोपरापर्यंत. पक्कड दमलेली असते. "अगं आई, आता मी दुसऱ्यांचे खिसे तपासते. काय मिळणार आहे तुला त्यात?"

"काही नाही," आई म्हणते.

"मग बघतेस काय?"

आतल्या खोलीत वडील वर्तमानपत्र खाली करतात.

"काही नाही हेच बघतेय," आई म्हणते आणि खिसा उलटा करून झटकते.